बंदूक शाळेत येते, पण निघते घरातून

१८ मे २०१८. रमजान नुकताच सुरू झाला होता. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सांता फे हायस्कूलमध्ये १७ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार करून १० जणांचा जीव घेतला. त्यात ८ विद्यार्थी होते. त्यांच्यातली एक मुलगी पाकिस्तानातून वर्षभरासाठी शिकायला आली होती. ईदला ती घरी परतणार होती, पण घरी पोहोचली ती तिची मय्यत.

अशी बातमी वाचली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, हे लोक बंदुकीवर सरळ बंदी का घालत नाहीत? उत्तर तितकं सरळ नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा प्रत्येक नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे. २०१७ च्या एका अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त. पोलीस ठाणं तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावातला माणूस बंदुकीला गुन्हा समजत नाही, आधार समजतो. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

मग शाळा वाचवायच्या कशा? बंदूक समर्थक म्हणतात, शाळेत सशस्त्र पहारा ठेवा. टेक्सासने २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र सुरक्षारक्षक ठेवण्याचा कायदाही केला. पण सांता फेच्या शाळेत बंदूकधारी पोलीस आधीपासूनच होते. युवाल्डे गावात २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे ३७६ पोलीस आणि अधिकारी जमले, तरी हल्लेखोरापर्यंत पोहोचायला ७७ मिनिटं गेली. पहारा नको असं नाही, पण पहाऱ्याची वेळ येते तोवर बंदूक वर्गात पोहोचलेली असते.

ती येते कुठून? युवाल्डेच्या हल्लेखोराने अठरावं वर्ष लागताच रायफली कायदेशीर विकत घेतल्या होत्या. पण अठरा वर्षांखालील मुलाला दुकानातून बंदूक मिळत नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ मधील शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश हल्ल्यांत ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली होती. सांता फेमध्ये वापरलेली शस्त्रंही वडिलांचीच. टेक्सासच्या कायद्यात मुलाच्या हाती बंदूक लागू दिल्याबद्दल पालकांना शिक्षा आहे, मात्र मूल १७ वर्षांखालील असेल तरच. हा मुलगा १७ वर्षांचा होता. पालकांवर फौजदारी खटला झालाच नाही.

मिशिगन राज्यात वेगळं घडलं. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलाने ४ विद्यार्थ्यांना ठार केलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. त्याच सकाळी मुलाने काढलेलं रक्तपाताचं चित्र पाहून शाळेने आई-वडिलांना बोलावलं होतं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, पिस्तुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. शाळेनेही दप्तर तपासलं नाही. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी पालक दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी मिशिगनमध्ये, घरात अल्पवयीन मुलं असतील तर बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती लागू झाली.

इथेही अडचण आहेच. हेलर खटल्यात न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा जो कायदा मोडीत काढला, त्यात घरातली बंदूक कायम सुटी करून किंवा कुलूप लावून ठेवण्याची अट होती. ऐन वेळी बंदूक हाती आली नाही तर हक्काला अर्थ काय, असा तो युक्तिवाद. मात्र हा हक्क अमर्याद नाही, शाळेसारख्या ठिकाणी बंदूकबंदी चालू शकते, हेही त्याच निकालात लिहिलं आहे.

म्हणजे हक्क शाबूत ठेवूनही जबाबदारी मागता येते. बंदूक बापाची असेल तर तिच्या कुलपाची किल्लीही बापाकडेच हवी. वाद राज्यघटनेपासून शाळेच्या फाटकापर्यंत फिरतो, पण घरातल्या त्या कपाटापाशी फारसा थांबत नाही. वर्गात बसलेली मुलं ही दुसऱ्यांची अमानत असते. ती जपण्याचं काम एकट्या शाळेवर ढकलून कसं चालेल?