अखंड काठीचे पुजारी

मुठीत सांधा असलेला कामठा दिसला की आपल्याकडच्या धनुर्विद्याभक्तांना सोवळं मोडल्यासारखं होतं. खरं धनुष्य अखंड काठीचं, एका झाडाच्या एका सलग तुकड्याचं, बाकी सगळी तडजोड, असं प्रवचन लगेच सुरू होतं. हा प्रवचनकार ओळखायला सोपा. तळहात मऊ. पटाशी कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक नाही. प्राचीन शस्त्रविद्येवर मात्र पाणी न पिता दोन तास बोलेल. अज्ञानाचं मला काही नाही, ते कुणाला नसतं? त्याचा तोरा मला सहन होत नाही. कारण त्या तोऱ्यापायी हाताने धनुष्य करू बघणारं पोरगं पहिल्याच पायरीवर खचतं. सहा फुटी बिनगाठीचं लाकूड मिळत नाही ना, मग आपल्याला हे जमणार नाही, म्हणून घरी जातं.

आता पाबळच्या शिवारात उभं राहून तुम्हीच सांगा, असं लाकूड आणायचं कुठून? मस्तानीची समाधी बघून परत फिरणाऱ्या पाहुण्यांना हा मुलूख किती कोरडा आहे ते कळत नाही. बांधावर बाभूळ, बोर, लिंब. बाभूळ चिवट आहे, जड आहे, पण सरळपणाशी तिचं वैर आहे. थोडी सरळ जाते, मग फाटा फुटतो, गाठ येते, पीळ पडतो. शोधलंत तर तीन-साडेतीन फुटांचा बरा तुकडा हाती लागेल, सहा फुटांचा नाही. धामण हे कामठ्यासाठी नावाजलेलं लाकूड, पण ते सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यातलं. मग काय, भीमाशंकरच्या अभयारण्यात कुऱ्हाड घेऊन शिरायचं?

प्रवचनकाराकडे उत्तर तयार असतं: वखारीतून फळी आणा की! इथे त्याचं सगळं शास्त्र उघडं पडतं. वखारीतली करवत लाकडाचा धागा बघत नाही, आखलेली रेघ बघते. धागा तिरपा पळत असेल तर करवत त्याला जागोजागी आडवा छेदून पुढे जाते. फळी वरून गुळगुळीत आणि सलग दिसते, आत शेकडो धागे पृष्ठभागावर येऊन तुटलेले असतात. धनुष्य ओढलं की सगळा ताण बाहेरच्या, बाणाच्या टोकाकडच्या अंगावर येतो. तिथे एक तिरपा धागा उचकटला की फळीची चिरफाड ठरलेली. म्हणजे ज्याला हे अखंड म्हणतात ते मुळातच तुटलेलं असतं. आणि पाचरीने फोडलेले, धागा सलग राखलेले दोन आखूड तुकडे मुठीत जोडले की ते यांच्या लेखी भ्रष्ट! असलं तर्कशास्त्र शिकवतात तरी कुठे?

जोड कसा करतात ते नीट सांगतो, कारण निंदा करणाऱ्यांपैकी एकानेही तो करून पाहिलेला नसतो. एकाच ओंडक्यातून शेजारशेजारचे दोन तुकडे फोडून घ्यायचे, म्हणजे दोघांचा स्वभाव सारखा. टोकांना रंग किंवा मेण फासून ते सावलीत वाळवायचे, नाहीतर आपल्या उन्हात टोकं तडकतात. दोन्ही तुकड्यांची बुंध्याकडची टोकं मुठीत भिडवायची आणि सालीकडची बाजू दोन्हीकडे बाहेर ठेवायची, म्हणजे दोन्ही बाहू एकमेकांचे आरसे होतात. एका तुकड्यात चार इंच खोल व्हीच्या आकाराची खाच, दुसऱ्याला तिच्यात जाणारं निमुळतं टोक. हात बसलेला असेल तर डब्ल्यू कापा. बारीक दातांची करवत, धारेची पटाशी आणि घाई नको. मग सांधा कोरडाच बसवून खिडकीसमोर धरायचा. जिथून उजेड दिसतो तिथे लाकडाला लाकूड लागलेलं नाही. जिथे अडतंय तिथे कानस फिरवायची, पुन्हा बसवायचा, पुन्हा उजेडात धरायचा. अरल्डाइट लावल्यावर क्लँप पिळवटू नका. सगळं अरल्डाइट बाहेर येतं आणि सांधा आतून उपाशी राहतो.

एवढी तिरकी खाच कशाला? टोकाला टोक चिकटवलं तर धाग्यांची नुसती तोंडं एकमेकांना भिडतात आणि तसला जोड गुडघ्यावर मोडतो. खाच लांब आणि तिरकी असली की धाग्यांच्या कुशी कुशींना लागतात आणि चिकटायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. शिवाय मूठ वाकतच नाही. जाडी दुप्पट केली की ताठपणा 8 पट होतो, हा यंत्रशास्त्रातला अगदी प्राथमिक हिशेब. धनुष्य वाकतं बाहूंत आणि सांधा बसतो जाडजूड मुठीत. ज्या जागेला वाकायचंच नाही तिथे जोड आहे म्हणून बोंब मारणाऱ्याने धनुष्य कधी ओढून तरी पाहिलंय का?

बरं, परंपरा! त्यांचं लाडकं हत्यार. तीच उघडून बघू. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्याचे प्रकार नोंदवले ते ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. शिंगाचं धनुष्य अखंड कसं असणार? लाकडाचा गाभा, पोटाला शिंग, पाठीला स्नायू आणि सगळं सरसाने एकजीव केलेलं. त्याच घराण्यातल्या तुर्की धनुष्याचा लाकडी गाभासुद्धा पाच तुकड्यांचा: मूठ, दोन बाहू, दोन टोकं, सगळे निमुळत्या खाचांनी जोडलेले. या जोडकामाने बाण इतके लांब गेले की इस्तंबूलच्या ओकमैदानात त्यांच्या पल्ल्यांचे स्मारकदगड उभे राहिले.

राहता राहिला इंग्रजांचा लाँगबो, कारण आमच्या परंपराभक्तांना शेवटी दाखला तिकडचाच लागतो. 1545 मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजातून शंभराहून अधिक धनुष्यं निघाली, यू लाकडाची आणि एकसंध, हे खरं. पण तसं लाकूड इंग्लंडात पुरेसं नव्हतं म्हणून तर 1472 मध्ये त्यांना कायदा करावा लागला, की बंदराला लागणाऱ्या जहाजाने टनामागे 4 धनुकाठ्या आणल्याच पाहिजेत. राजाज्ञेने लाकूड मागवणाऱ्याला अखंड काठी परवडते. पुढे युद्धातून धनुष्य गेलं, हौशी तिरंदाज उरले, तेव्हा त्याच इंग्लंडातल्या नामांकित कारागिरांनी आखूड तुकडे मुठीत जोडून उत्तम लाँगबो केले. कुणाचा धर्म बुडाला नाही.

सातपुड्यातला भिल्ल बांबूचा कामठा सलग करतो आणि त्याला दोरीही बांबूच्या पट्टीचीच लावतो, कारण बांबू त्याच्या दारात आहे. हाताशी आहे त्यातून चोख काम काढायचं, ही त्याची कारागिरी. प्रवचनकार ती कारागिरी सोडून नेमकी लांबी उचलतो.

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात तयार झालेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हा हेच लोक टाळ्या पिटत होते. त्या धनुष्यांना धातूची मूठ असते आणि बाहू वेगळे बसवलेले असतात. ऑलिम्पिकचं रिकर्व्हही तीन तुकड्यांत पिशवीत घालून नेतात. पदक आलं की जोड दिसत नाही, आणि गावातल्या पोराने बाभळीचा कामठा पुढे केला की नेमका तोच दिसतो. याला शास्त्रनिष्ठा म्हणायचं? ही शुद्ध मुजोरी आहे.

आणि हे पाबळमध्ये बोलावं लागतं याची मला चीड येते. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी इथल्या माळावर विज्ञान आश्रम उभा केला तो हाताने करत करत शिकण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने 2002 मध्ये फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः घडवण्याची कार्यशाळा, आली तीही इथेच. आश्रमाने केलेले घुमट बघा: आखूड आखूड दांड्या त्रिकोणांत जोडत नेल्या की अख्खं छत मधल्या खांबाशिवाय उभं राहतं. तुकड्यातून ताकद कशी काढायची याचा वस्तुपाठ ज्या गावात उभा आहे, तिथल्या मुलांना अखंडतेचे डोस कुणी पाजायचे?

म्हणून यापुढे शस्त्रप्रदर्शनाच्या मांडवात कुणी अखंड काठीचा महिमा गायला उभा राहिला, तर आयोजकांनी त्याच्या हातात आधी बारीक दातांची करवत आणि बाभळीचे दोन तुकडे द्यावेत. चार इंचांची खाच कापू दे, सांधा बसवू दे, सगळ्यांसमोर उजेडात धरू दे. फट दिसली की माइक काढून घ्यावा.