आजोबांचा स्पीकर आणि माझा खोका

गेल्या महिन्यात बाबांनी फर्मान काढलं, ‘माळ्यावरचा तो रेडिओ आता भंगारात जाणार!’ आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. कॅबिनेटला वाळवी, आत उंदरांचा सुखी संसार. पण मागचा पुठ्ठा काढला तर आठ इंची स्पीकर चक्क शाबूत! कागदी कोनला एकही चीर नाही. पेन्सिल सेल क्षणभर टेकवला... टक्! पठ्ठ्या जिवंत होता.

असल्या स्पीकरला फुल-रेंज म्हणतात. हल्लीच्या टॉवर्समध्ये वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा. इथे डग्ग्यापासून बासरीपर्यंत सगळं एकाच कोनच्या अंगावर. त्यामुळे गाणारा माणूस एकाच जागी उभा आहे असं वाटतं.

मग काय, वीकेंड प्रोजेक्ट! माझा वन-बीएचके, म्हणून शेल्फवर मावेल असा फूटभराचा बंद खोका सुताराकडून करून घेतला. वर सागवानी व्हिनिअर. दिसायला एकदम कातिल. आवाज? सर्दी झाल्यासारखा, आणि खाली नुसतं ढब ढब.

चूक माझीच. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी याच हवेचा फायदा घेऊन छोट्या खोक्यातून दणदणीत बेस काढला, पण त्यासाठी कोन मुद्दाम सैल बसवला होता. रेडिओच्या कोनची कड मुळात ताठ, मॅग्नेट बेताचा. त्याला ही जादा स्प्रिंग म्हणजे निव्वळ जाच. जुने रेडिओ मागून उघडे असायचे ते उगाच नाही.

दुसऱ्या खेपेला खोकाच रद्द. 18 मिलिमीटर प्लायची 2 बाय 3 फुटांची फळी. कोनच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या उलटा असतो. दोघे भेटले की खालचे सूर मरतात. फळी त्यांना लांबच्या वाटेने पाठवते. भोक मात्र मधोमध नको, नाहीतर सगळ्या कडांकडून वाट सारखीच पडते आणि एखादा सूर पार गायब होतो. सुतार म्हणाला, ‘ताई, हे तर टेबल झालं. स्पीकर कुठंय?’

(पार्टीला हा लावू नका हं. दोन-चार वॉट पुरे. कोन फाटला तर दुसरा आणायचा कुठून?)

रविवारी बाबा आले. ‘एवढी फळी हॉलमध्ये?’ वगैरे झालं. मी विविध भारती लावलं. निवेदक बोलायला लागला आणि बाबा गप्प. चहा गार झाला. मग म्हणाले, ‘भिंतीपासून जरा पुढे घे गं. दादा तसाच ठेवायचे.’