संगणक वर्गात, मुले फडात

तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. २०२६-२७ चे शैक्षणिक वर्ष हा त्याचा मुहूर्त. दिल्लीत ही घोषणा झाली त्याच सुमारास, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघाली होती. आणि भांड्याकुंड्यांबरोबर तिसरीतली मुलेही निघाली होती. या दोन गोष्टींची सांगड कोणी व कशी घालावयाची, हा प्रश्न आमच्या शिक्षणखात्यापुढे आहे.

मराठवाड्यात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. दसरा आटोपला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. पाडव्याच्या आगेमागे माणसे परततात, तेव्हा वार्षिक परीक्षा दाराशी आलेली असते. म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरातील मुलास सलग शाळा मिळते ती जेमतेम चार महिने. मार्चअखेरीस निधी खर्ची घालण्याची सरकारी रीत तर सर्वांस ठाऊकच आहे. त्या रीतीने घेतलेला संगणक वर्गात बसविला जातो, तेव्हा त्याच्यासमोर बसावयाचा विद्यार्थी कुठल्याशा फडावर, कोपीच्या दाराशी धाकट्या भावंडास सांभाळीत असतो.

यंत्रे पुरविली की शिक्षण झाले, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. शाळांतून संगणक-शिक्षण देण्याची केंद्रपुरस्कृत योजना २००४ साली सुरू झाली. आपल्या राज्यात प्रयोगशाळा उभारून चालविण्याचे काम मुदतीच्या कराराने कंपन्यांकडे सोपविण्यात आले. कराराची मुदत संपली आणि संगणक शिकविणारे निदेशक घरी गेले. यंत्रे मागे राहिली, शिकविणारा राहिला नाही. पुढे २०१५ नंतर लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. ग्रामस्थांच्या त्या औदार्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु विजेचे बिल कोणी भरावयाचे, बिघडलेले यंत्र कोणी दुरुस्त करावयाचे, हे प्रश्न वर्गणीने सुटत नाहीत. थकबाकीपायी शाळांची वीज तोडल्याची वृत्ते या राज्यात काही नवी नव्हेत.

कोणी म्हणेल, ज्या मुलाच्या दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्यास संगणक कशाला? आमच्या मते त्यासच तो अधिक हवा. शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी, अशी व्यवस्था राज्याने २०२१ पासून केली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, पीकविमा, सारे त्याच मार्गाने चालते. बापाला जमत नाही म्हणून ते काम दुसऱ्याच्या हाती जाते, आणि हातोहात त्याचे मोलही द्यावे लागते. उचलीचा आणि तोडलेल्या टनांचा हिशेब घरातल्या मुलीने स्वतः मांडून पाहिला, तर त्या विद्येचे मोल आईबापांस कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

फोन घरोघरी पोचला आहे, हे खरे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाच्या सुमारे ८२ टक्के मुलांस स्मार्टफोन चालविता येत होता. परंतु आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी करणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी करणारे ७६ टक्के निघाले. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागेच होत्या. बोटांस जे येते ते शाळेने शिकविण्याचे कारण नाही. आलेला मजकूर खरा की खोटा, आपली माहिती कोणास द्यावी व कोणास देऊ नये, हे शिकविण्यास मात्र शिक्षकच लागतो.

तेव्हा जिल्ह्याची योजना प्रथम दिनदर्शिकेपासून आखली पाहिजे. संगणकाचा प्रत्यक्ष पाठ जून ते सप्टेंबर या काळात दाट असावा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. त्या गावी संगणकाची खोली संध्याकाळी कुलपात का असावी? स्थलांतरित मुलांस शिक्षण हमी पत्रक देण्याची तरतूद आहे. त्यात इतर विषयांबरोबर संगणकाची प्रगतीही नोंदविली, तर कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकास मुलाला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवावे लागणार नाही. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत चिकटवून घरच्या फोनवर पाठ पोचविला. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पुस्तकाबरोबर पाठही फडापर्यंत जाऊ शकतो, याचा हा दाखला बीडपासून फार दूरचा नव्हे.

टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने बीडमध्ये तरुणांसाठी तंत्रप्रशिक्षण केंद्र उभारण्यास २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या केंद्राच्या दारापर्यंत ऊसतोड कामगाराची मुलगी पोचावयाची, तर तिची तयारी सहावी-सातवीतच व्हावयास हवी. जिल्हा नियोजन समितीने शालेय संगणकांसाठी रक्कम ठेवताना यंत्रांच्या किमतीशेजारी वीज, दुरुस्ती व कायम शिक्षक यांचे रकाने मांडावेत. आणि दसऱ्यानंतर कोणत्या शाळेत किती मुले उरतात, हा आकडा प्रत्येक मुख्याध्यापकाकडून मागवून मगच निविदा काढावी.