छातीच्या फोटोतला प्रत्येक डाग टीबीचा नसतो

आपल्या वस्त्यांमध्ये लेकराचा खोकला महिनोन्महिने थांबला नाही की छातीचा फोटो काढतात. फोटोत डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, त्यामुळे ही शंका गैर नाही. पण कोर्स पूर्ण होऊनही खोकला तसाच, वजन वाढत नाही आणि पुन्हा तोच कोर्स लिहून दिला जातो, तेव्हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या डागामागे सिस्टिक फायब्रोसिसही असू शकतो.

हा जन्मजात आजार आहे. जनुकातल्या दोषामुळे श्वासनलिकांतला कफ घट्ट आणि चिकट होतो, त्यात जंतू वाढतात आणि फुप्फुस हळूहळू खराब होत जाते. हा गोऱ्या लोकांचा आजार, असे वैद्यकीय जगत बराच काळ मानत आले. जे शोधायचेच नाही, ते सापडणार कसे?

एक्स-रे इथे दोन कामांत गल्लत करायला लावतो. आजार कोणता, हे तो एकटा सांगू शकत नाही. टीबी आणि सिस्टिक फायब्रोसिस, दोन्हींत फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसू शकतात. मात्र निदान झाल्यावर आजार किती बळावला, हे पाहायला एक्स-रे फार उपयोगी आहे. हवा अडकून फुगलेली फुप्फुसे, रुळांसारख्या दुहेरी रेषा, कफाच्या गाठी, पोकळ्या, दबलेला भाग हे सारे पाहून गुण देण्याच्या पद्धती आहेत. 1974 ची क्रिस्पिन-नॉर्मन आणि 1979 ची ब्रासफिल्ड या त्यांपैकी दोन. ब्रासफिल्डमध्ये निरोगी छातीला 25 गुण. नुकसान वाढेल तसे गुण कमी होतात. सुरुवातीचे नुकसान एक्स-रेत सुटू शकते. सीटी स्कॅनमध्ये ते आधी दिसते, पण त्यात किरणोत्सर्ग जास्त आणि खर्चही जास्त. साधा एक्स-रे तालुक्याच्या ठिकाणीही निघतो.

पण एकटा फोटो अपुरा असतो. मागचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला तरच आजार वाढतोय की थांबलाय ते कळते. आणि आपल्याकडे जुने फोटो टिकत कुठे? भाड्याची खोली बदलते, पावसात घर गळते, दवाखाना बदलला की नवा फोटो, नवा खर्च. म्हणून आमचे सांगणे आहे: प्रत्येक फोटो आणि रिपोर्ट तारखेसह एका पिशवीत ठेवा. डॉक्टरांना विचारा, "मागच्या फोटोपेक्षा काय बदलले?" हा प्रश्न उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

सोबत या खुणाही सांगा: पापा घेताना लेकराची कातडी खारट लागते, शौच तेलकट व दुर्गंधीचे होते, खाऊनही अंग धरत नाही. मग घामाच्या तपासणीची मागणी करा. तिला सुई लागत नाही. घामातील क्लोराइड 60 मिलिमोल किंवा जास्त आले तर हा आजार असण्याची दाट शक्यता असते. ही तपासणी बहुधा मोठ्या शहरांतच होते, म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तिची सोय व्हावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचे नाव आहे. पण निदानच झाले नाही तर त्या धोरणाचा लाभ मिळणार कसा? मात्र टीबीच्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि सुनेला बोल लावू नका. दोषी जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आल्याशिवाय हा आजार होत नाही. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. हे मागच्या जन्माचे पाप नाही, बाहेरची बाधाही नाही. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकवले. लेकराच्या आजाराचेही कारण शोधा, आणि ते शोधून मिळेपर्यंत विचारत राहा.

जयभीम!