बर्फ केव्हा पडावा?

मुलांनो, नोव्हेंबर महिना लागला की वर्तमानपत्रात एक छोटी बातमी येते : 'काश्मीरमध्ये हिमवृष्टीची शक्यता.' ती वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? पांढरे डोंगर, बर्फाचे गोळे आणि सहलीला गेलेली माणसे. पण बर्फ पडणार, एवढे कळून भागत नाही. तो केव्हा पडणार, हे अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून ओलसर हवा घेऊन येतात. ही हवा हिमालयाच्या डोंगरांवर चढते, थंड होते आणि पाऊस किंवा बर्फ पडतो. या दोन्हींपैकी काय पडेल, हे त्या वेळच्या गारठ्यावर अवलंबून असते. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे, तर श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर. म्हणून गुलमर्गला बर्फ पडतो, त्याच दिवशी श्रीनगरला नुसता पाऊस पडतो, असे पुष्कळदा होते. तेव्हा अंदाजातला 'शक्यता' हा शब्द वाचून हसू नका.

काश्मिरी लोकांनी थंडीचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस 'चिल्लई कलान', नंतरचे २० दिवस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे १० दिवस 'चिल्लई बच्चा'. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे तुम्हांला सांगायला नकोच. आपल्याकडे गावांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द असतात ना, तोच हा खुर्द! चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ डोंगरावर गोठून घट्ट बसतो. तो उन्हाळ्यात हळूहळू वितळतो आणि ओढ्यांतून भातशेतीला पाणी मिळते.

हाच बर्फ लवकर आला तर? २०१८ साली नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काश्मीरमध्ये जोराचा बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर अजून पाने होती, काही बागांत फळेही उतरवायची राहिली होती. उघड्या फांदीवरून बर्फ घसरतो, पानांवर मात्र तो साचत जातो. त्या ओझ्याने फांद्या मोडल्या, काही झाडे तर मधोमध चिरली. २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच झाले. फळ गेले तर एका वर्षाचे नुकसान, पण झाड गेले तर कितीतरी वर्षांचे!

उशीर झाला तरी पंचाईतच. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कित्येक दिवस कोरडे होते. महिना संपता संपता बर्फ आला. पण इतक्या उशिरा आलेला बर्फ वसंतातल्या उन्हात लवकर वितळून जातो.

म्हणून माझे म्हणणे असे की, नोव्हेंबरातला अंदाज आधी बागवाल्यासाठी सांगावा, प्रवाशांसाठी नंतर. तोही नुसता 'शक्यता आहे' असा नको. कोणत्या भागात, किती उंचीवर आणि कोणत्या दिवशी, हे त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. दोन दिवस हाताशी असले तर घरातली सगळी माणसे मिळून राहिलेली फळे उतरवू शकतात. आणि बर्फ पडू लागला, तर रात्री उठून काठीने फांद्या झटकता येतात.