जिंकले समीक्षक, हरले छोटे देश

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेवर बेतलेल्या व्हिडिओ गेमना समीक्षक वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आले : महिनाभराच्या उत्सवासाठी ग्राहकाने पूर्ण किंमत का मोजावी? प्रश्न रास्त होता आणि अखेर उद्योगाने त्याचे उत्तरही दिले. मात्र त्या उत्तरात पात्रता फेरीतले दोनशे देश कुठे हरवले, याची चर्चा फारशी झाली नाही.

विश्वचषक फुटबॉलचे पडघम वाजू लागले की त्या स्पर्धेचा अधिकृत व्हिडिओ गेम बाजारात येत असे. दिवाळीच्या आधी आकाशकंदील यावेत आणि तुळशीचे लग्न लागले की उतरवले जावेत, तसे या गेमचे आयुष्य. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स अर्थात ईए या अमेरिकी कंपनीने १९९८ पासून ही परंपरा सांभाळली. तबकडीच्या रूपात दुकानांत विकला जाणारा अशा प्रकारचा स्वतंत्र गेम २०१४ चा शेवटचा ठरला. ही परंपरा का संपली याचा शोध घेताना केवळ विक्रीकडे पाहून भागत नाही. समीक्षकांनी या गेमचे स्वागत कसे केले, कशाचे कौतुक केले आणि कशावर बोट ठेवले, हेही तपासावे लागते.

संशयाचे मूळ

स्पर्धेच्या नावावर विकल्या जाणाऱ्या गेमकडे समीक्षकांनी संशयाने पाहण्यास कारण होते. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाच्या वेळी यूएस गोल्ड या ब्रिटिश कंपनीने अधिकृत परवाना मिळवून 'वर्ल्ड कप कार्निव्हल' हा गेम आणला. स्वतःचा गेम वेळेत तयार होईना, तेव्हा कंपनीने आर्टिक या दुसऱ्या कंपनीचा १९८४ मधील जुना फुटबॉल गेम घेतला, त्यात किरकोळ फेरफार केले आणि भिंतीवर लावायचा सामन्यांचा तक्ता वगैरे चीजवस्तूंसह मोठ्या खोक्यात घालून तो विक्रीस ठेवला. ब्रिटनमधील संगणकविषयक मासिकांनी या प्रकाराची सालटी काढली. अधिकृत बोधचिन्ह म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, हा धडा समीक्षकांनी तेव्हा घेतला तो कायमचा.

ईएने १९९८ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा दर्जाबाबतची तक्रार बरीचशी मिटली. फ्रान्समधील स्पर्धेच्या 'वर्ल्ड कप ९८' या गेममध्ये जुन्या अंतिम सामन्यांचा विभाग होता आणि त्याचे समालोचन केनेथ वोल्स्टनहोम यांच्या आवाजात होते. १९६६ च्या इंग्लंड-पश्चिम जर्मनी अंतिम सामन्याचे बीबीसीवरील समालोचन करणारे ते हेच. अशा तपशिलांचे कौतुक झाले. पण नवी शंकाही पुढे आली. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच ईएने 'फिफा : रोड टू वर्ल्ड कप ९८' हा वार्षिक गेम विकला होता. पात्रता फेरी आणि १७२ राष्ट्रीय संघ त्या गेममध्ये. मुख्य स्पर्धा मात्र दुसऱ्या गेममध्ये आणि दुसऱ्या किमतीत! २००२ मध्येही हीच विभागणी झाली. एकाच ताटातले जेवण दोन वेळा वाढून दोनदा पैसे घेण्याचा हा प्रकार असल्याची भावना त्यातून बळावली.

२००६ मध्ये कंपनीने चूक सुधारली. जर्मनीतील स्पर्धेच्या गेममध्ये पात्रता फेरी आणि मुख्य स्पर्धा एकत्र आल्या, बाराही स्टेडियम आली आणि संघांची संख्या १२७ वर गेली. २०१० च्या यशाची पायाभरणी इथे झाली.

दक्षिण आफ्रिकेचा उत्कर्षबिंदू

एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला '२०१० फिफा वर्ल्ड कप साऊथ आफ्रिका' हा या मालिकेतील सर्वाधिक वाखाणला गेलेल्या गेमपैकी एक. पात्रता फेरीत उतरलेल्या २०४ पैकी १९९ संघ त्यात होते, तसेच दक्षिण आफ्रिकेतील दहाही स्टेडियम होती. खेळणाऱ्याने एखादा दुबळा देश निवडावा, आपल्या खंडाच्या पात्रता फेरीतून एकेक सामना जिंकत पुढे सरकावे आणि जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचावे, अशी मुभा होती. एकाच खेळाडूची भूमिका घेऊन, संघात जागा मिळवत कर्णधारपदापर्यंत मजल मारण्याचा विभाग होता. पात्रता फेरीत प्रत्यक्ष घडलेल्या सामन्यांतील निर्णायक प्रसंग पुन्हा खेळून निकाल बदलून टाकण्याचीही सोय होती.

समीक्षकांना विशेष भावले ते बारकावे. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेदोन हजार मीटर उंचीवर आहे, तर दरबान आणि केप टाऊन किनाऱ्यावर. उंचीवरच्या मैदानात खेळाडू लवकर दमतात आणि विरळ हवेत चेंडू अधिक वेगाने जातो, हा फरक गेममध्ये जाणवे. पेनल्टी किकची पद्धत नव्याने रचलेली होती आणि नवशिक्यांसाठी केवळ दोन बटणांवर खेळण्याची सोय होती. गोल झाल्यावर प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावरचे भाव, प्रेक्षागृहातून उधळले जाणारे कागदाचे तुकडे, रंगांनी भरलेली मैदाने यांतून स्पर्धेचा माहोल उभा राहिला. ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवरचे क्लाइव्ह टिल्डस्ली आणि अँडी टाउनसेंड हे समालोचक गेममध्ये आले. वार्षिक गेम खेळलेल्या माणसालाही आपण काही वेगळे पाहत आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो बव्हंशी साध्य झाला.

गुणांचे कोडे

आता थोडे गुणांच्या हिशेबाकडे. समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ऑक्टोबर २००९ मधील 'फिफा १०' या वार्षिक गेमने शंभरपैकी नव्वदी ओलांडली होती. सहा-सात महिन्यांनंतर आलेला विश्वचषकाचा गेम त्याच पायावर उभा होता. त्यात चेंडूवरील ताबा, पासेस आणि गोलरक्षकांच्या हालचालींत सुधारणा झाल्याचे अनेक समीक्षकांनी मान्य केले. तरीही त्याची सरासरी ऐंशीच्या थोडी पुढे राहिली. मैदानावर अधिक चांगला खेळणारा गेम गुणपत्रिकेत मात्र मागे पडला!

याचे उत्तर असे, की समीक्षक केवळ खेळ तोलत नव्हते. ते खरेदीचा सल्लाही देत होते. 'फिफा १०' मध्ये क्लब होते, लीग होत्या, वर्षभर पुरेल इतका ऐवज होता. विश्वचषकाच्या गेममध्ये फक्त राष्ट्रीय संघ. शिवाय जुलैत विजेता ठरला, की त्याचे नावीन्य ओसरणार आणि पुढच्या शरद ऋतूत 'फिफा ११' येणार हे सर्वांना ठाऊक. ज्याच्याकडे 'फिफा १०' आहे त्याने पुन्हा पूर्ण किंमत का मोजावी, हा प्रश्न त्यामुळेच अनेक परीक्षणांत डोकावला. ग्राहकाच्या खिशाची काळजी करणे हे समीक्षकाचे कर्तव्यच आहे. त्यांनी ते बजावले, यात वावगे काही नाही. पण या पद्धतीत एक उणीव राहते. ताजिकिस्तान किंवा फिजीच्या चाहत्याला आपला संघ पडद्यावर दिसला, याचे मोल गुणपत्रिकेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

कंपनीचे प्रयोग

समीक्षकांचा आक्षेप कंपनीने गांभीर्याने घेतला. २०१२ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी स्वतंत्र गेम न काढता 'फिफा १२' ला जोडायची पुरवणी इंटरनेटवरून सुमारे २० डॉलरना विकण्यात आली. किंमत एक तृतीयांश झाली, तरी समीक्षक फारसे प्रसन्न झाले नाहीत. बऱ्याच संघांचे परवाने नसल्याने त्यांचे खेळाडू आणि गणवेश खरे नव्हते. स्वतंत्र गेमची ऐट गेली आणि हाती ठिगळ आले, असा एकंदर सूर होता.

म्हणून २०१४ मध्ये कंपनी पुन्हा स्वतंत्र गेमकडे वळली. ब्राझीलच्या स्पर्धेच्या गेममध्ये पात्रता फेरीचे २०३ संघ होते आणि ब्राझीलची बाराही मैदाने होती. आशय भरगच्च होता. अडचण वेगळीच निघाली. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही नवी यंत्रे नोव्हेंबर २०१३ मध्येच बाजारात आली होती, पण हा गेम निघाला तो केवळ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या जुन्या यंत्रांसाठी. लॅटिन अमेरिकेत नवी यंत्रे महाग असून बहुसंख्य चाहते जुनीच वापरतात, असे समर्थन करण्यात आले. ते व्यवहाराला धरून असले, तरी नव्या यंत्रांवर 'फिफा १४' खेळणाऱ्या समीक्षकांना हे पाऊल मागे टाकल्यासारखे वाटले. सरासरी गुण पंचाहत्तरच्या आसपास घुटमळले.

फुकटाची किंमत

२०१८ मध्ये प्रश्न निकालात निघाला. रशियातील विश्वचषक मे महिन्यात 'फिफा १८' मध्ये विनामूल्य भर म्हणून देण्यात आला. २०२२ मध्ये कतारची स्पर्धा 'फिफा २३' मध्ये तशीच आली. मे २०२२ मध्ये फिफा आणि ईए यांची सुमारे तीन दशकांची साथ सुटल्याचे जाहीर झाले. त्यानंतर २०२४ ची युरो स्पर्धा 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' मध्ये फुकट मिळाली. समीक्षकांच्या मूळ आक्षेपाचे हे सरळ उत्तर होते. किंमतच नाही, तर तक्रार कसली?

कंपनी उदार झाली असे समजण्याचे कारण नाही. दरम्यानच्या काळात तिच्या उत्पन्नाचा ओघ बदलला होता. 'अल्टिमेट टीम' या विभागात खेळाडूंची पत्ते असलेली बंद पाकिटे विकली जातात. पाकिटात मेस्सी निघेल की अनोळखी बचावपटू, हे उघडेपर्यंत कळत नाही. ईएच्या सर्व क्रीडा गेममधील या विभागाचे उत्पन्न २०२१ च्या आर्थिक वर्षात दीड अब्ज डॉलरहून अधिक होते. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगाराच्या व्याख्येत बसवले आणि २०१९ च्या प्रारंभी कंपनीला तेथे त्यांसाठीच्या 'फिफा पॉइंट्स'ची विक्री थांबवावी लागली. अन्यत्र व्यवसाय सुरू राहिला. विश्वचषकाची फुकट भर लोकांना पुन्हा गेमकडे खेचते आणि गेमकडे आलेला माणूस पाकिटे विकत घेतो, असा हा हिशेब.

या हिशेबात छोट्या देशाला स्थान उरत नाही. प्रत्येक संघाचे गणवेश, नावे, चेहरे, क्षमता यांवर मेहनत लागते आणि भूतानच्या बचावपटूच्या पत्त्यासाठी कोणी पाकीट फोडत नाही. म्हणून विनामूल्य विश्वचषकात पात्रता फेरी आली नाही; आले ते पात्र ठरलेले ३२ संघ आणि गेममध्ये आधीच असलेले मोजके अन्य देश. रशियाची बाराही मैदाने २०१८ मध्ये होती. कतारच्या आठपैकी मात्र लुसैल आणि अल बायत ही दोनच आली. १९९, मग २०३ आणि तिथून थेट ३२ च्या घरात, अशी ही घसरण आहे. तबकडीला किंमत होती तेव्हा कंपनीला तिच्यात काहीतरी भरावे लागत होते, एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय चाहत्यालाही हे लागू आहे. २०१४ च्या पात्रता फेरीत भारत संयुक्त अरब अमिरातीकडून पहिल्याच लढतीत बाद झाला. जुलै २०११ मध्ये अल ऐनला ०-३ असा पराभव आणि दिल्लीत २-२ अशी बरोबरी, एवढीच ती कहाणी. पण पात्रता फेरीचे सर्व संघ घेणाऱ्या गेममध्ये त्या भारताला रिओपर्यंत नेता येत होते. २०१० आणि २०१४ चे गेम संगणकासाठी निघालेच नाहीत, त्यामुळे घरच्या संगणकावर खेळणाऱ्या येथील अनेकांच्या वाट्याला ते सुख आले नाही, हा भाग वेगळा.

विश्वचषकाच्या गेमचे परवाने आता फिफाने वेगवेगळ्या दारी नेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोनामी या जपानी कंपनीशी ई-स्पर्धांसाठी हातमिळवणी झाली. डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर खेळता येईल अशा नव्या गेमची घोषणा झाली. २०२६ पासून मुख्य स्पर्धेतील संघांची संख्या ४८ झाल्याने पडद्यावरही काही नवे देश दिसणार, एवढा दिलासा आहे.

तरी तो अपुराच. २०२६ च्या स्पर्धेसाठी केप व्हर्दे, क्युरासाओ, जॉर्डन आणि उझबेकिस्तान हे चार देश प्रथमच पात्र ठरले. जेमतेम दीड लाख वस्तीच्या क्युरासाओने नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैकाला त्यांच्याच मैदानात गोलशून्य बरोबरीत रोखून हे साधले. हे चारही देश २०१४ च्या पात्रता फेरीत उतरले होते आणि बाद झाले होते. गेममध्ये मात्र त्यांना विश्वचषकात नेणे कोणालाही शक्य होते. वास्तवाला तिथे पोहोचायला आणखी दशकभर लागले. अशी वाटचाल फक्त पात्रता फेरीत घडते. तीच वगळली, तर उरतो तो आधीच पोहोचलेल्यांचा खेळ. पुढील गेमची परीक्षणे लिहिताना किमतीच्या जोडीने हाही प्रश्न विचारला गेला, तर समीक्षकांनी जिंकलेली लढाई खऱ्या अर्थाने चाहत्यांच्या कामी येईल.