पाच हात, पाच मुठी

"पूर्वी मोजमापाची कटकटच नव्हती हो! सगळा विश्वासाचा कारभार!" हे वाक्य कानावर आले की माझे पित्त खवळते. बोलणारा बहुधा पेन्शनर असतो, शहरात दोन खोल्यांत जन्म काढलेला असतो आणि धान्य त्याने वाण्याच्या पुडीतलेच पाहिलेले असते.

अहो, विश्वासाचा कारभार होता, तर शिवकाळात जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी कशाला ठरवावी लागली? अशा २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद म्हणजे बिघा. १२० बिघे म्हणजे चावर. नुसते 'हात' म्हटले की पहिला प्रश्न, कोणाचा? मोजणाराचा हात आखूड असला की तेच रान कागदावर वाढते, आणि रानाबरोबर सारा! म्हणून ठरलेली काठी. काठी ठरवणारे लोक माणसांना पुरते ओळखून होते, एवढाच याचा अर्थ.

पुढे इंग्रजी अमदानीत ३३ फुटांची साखळी आली. तिचेही भाग पाडले सोळा आणे! ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. १९५६ साली मेट्रिकचा कायदा झाला, सातबारा हेक्टर-आर बोलू लागला, पण प्लॉट घेणारा अजून विचारतो, "गुंठ्याला काय भाव?"

घरातही तेच. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. शेराचा सोळावा हिस्सा मोजायला ज्यांनी वेगळे भांडे केले आणि पोरांकडून साडेतिनाचा पाढा, औटकी म्हणून, घोकून घेतला, ती माणसे म्हणे अंदाजाने जगत होती! अंदाज होता तो फक्त आजीच्या मिठाच्या चिमटीत, आणि तोही चाळीस वर्षांच्या सरावाचा.

राहता राहिला तो विश्वास. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेल याची खात्री नसे. त्यातून माप भरायचे दोन प्रकार. एक, वरून हात फिरवून सपाट. दुसरा, शीग लावून, म्हणजे वर टोकदार ढीग उभा राहीपर्यंत. पेरणीच्या तोंडावर कुळ बी मागायला आले की सावकाराचा हात मापावरून फिरे. सुगीला तेच धान्य सवाईदिढीने परत घेताना मात्र शीग हवी, आणि शिगेवरून घरंगळलेले दाणे ज्याच्या ओसरीवर माप चालू असे, त्याचे.